डोळे मिटून दारात उभा राहणारा मास्तर

तमाम वाचकांस, आणि जे कधीच काही वाचत नाहीत त्यांनाही, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की एके काळी जाफराबादच्या बाजूच्या एका गावातले सगळे धडधाकट पुरुष एका किडकिडीत माणसाला घाबरून दिवेलागणीला घरं सोडून पळत असत. त्या माणसाच्या हातात काठी नसे, छत्री असे. त्याच्यामागे पोलीस नसत, एक कुत्रं असे, आणि तेही निम्म्या रस्त्यातून कंटाळून परत जाई. वाचकांनी बसून घ्यावे. तो माणूस मी होतो.

तेव्हा आमचा जालना जिल्हा व्हायचा होता. मी जालन्याचा, आजोबांच्या पिढीपासूनचा ख्रिस्ती, त्यामुळे माझ्या धर्माला कसलाही थरारक इतिहास नव्हता. शेजारच्यांच्या घरी जसा शनिवारचा उपास, तसं आमच्या घरी रविवारचं देऊळ. शिक्षक झालो आणि ज्या गावात नेमणूक मिळाली तिथे ख्रिस्ती माणूस लोकांनी फक्त ऐकला होता. पहिल्याच दिवशी पारावर बसलेल्या एका शेतकऱ्यानं माझं आडनाव विचारलं, मग जात विचारली, मग बराच वेळ तंबाखू मळली.

"ठीक हाय," तो म्हणाला. "पण पोरांना पाणी कोणतं पाजणार?"

"विहिरीचं."

"नुसतं विहिरीचं?"

"नुसतं."

"त्यात काई टाकणार न्हाई?"

दुसऱ्या दिवशी वर्गाबाहेरचा पाण्याचा रांजण हेडमास्तरांच्या खोलीत त्यांच्या डोळ्यांसमोर नेऊन ठेवलेला दिसला. त्याच संध्याकाळी बौद्धवाड्यातले एक म्हातारे मला भेटायला आले. ते वेगळ्याच काळजीत होते. "गुरुजी," ते म्हणाले, "आम्ही छप्पन साली एकदा बदलून घेतलं. बराबर जमलं, आता समाधान हाय. आता पुन्हा बदलायची ताकद न्हाई राह्यली. तुम्ही पोरांना निस्तं गणित शिकवा."

दोन्ही बाजूंनी संशय घेतला जाण्याचा मान फार थोड्यांना मिळतो. मला तो बावीस-तेवीसच्या वयात मिळाला आणि खरं सांगायचं तर मी थोडा फुगलोही. आपल्यामुळे गावाला कसली तरी भीती वाटते, म्हणजे आपल्यात काहीतरी असेल, असं वाटे. प्रत्यक्षात माझ्यात काय होतं? लहानपणी संडे स्कूलमध्ये देवानं नावानं हाक मारलेल्या माणसांच्या गोष्टी ऐकल्या होत्या. मला वाटायचं, माझीही हाक येईल. हाक आली नाही. आलं ते असं: गळकं छप्पर, फळा पुसायचं फाटकं फडकं, शेंबडी नाकं आणि पाढे. रोज संध्याकाळी मी हात धुताना स्वतःकडे संशयानं बघत असे. यात देवाचं काम नेमकं कुठलं?

रविवारी एस.टी.नं जालन्याला गेलो की उपासनेनंतर पाळकसाहेबांना गाठायचा माझा शिरस्ता होता. ते जुन्या जालन्यात राहात. त्या दिवशी अंगणात सायकलची ट्यूब पाण्याच्या बादलीत बुडवून पंक्चर शोधत बसले होते. मी माझा प्रश्न शक्य तितक्या दुःखी आवाजात मांडला.

"तुम्ही सध्या काय करता?" त्यांनी ट्यूब पिळत विचारलं.

"एकोणीसचा पाढा घेतो."

"कितीजणांना येतो?"

"एका मुलीला."

"बाकीच्यांची घरं पाहिलीत?"

"नाही."

"आणि त्या मुलीचं?"

"तेही नाही."

"मग देवाला कशाला विचारता," ते म्हणाले. तेवढ्यात बादलीत बुडबुडे आले, त्यांना भोक सापडलं, आणि माझ्या आयुष्याच्या अर्थाची चर्चा तिथेच संपली.

लवकरच लेंतकाळ लागला. ईस्टरच्या आधीचे हे आठवडे आमच्यात उपासाचे असतात; ज्याला जे सोडवत नाही ते त्यानं सोडायचं. मी चहा सोडला. आणि मनाशी ठरवलं की रोज शाळा सुटल्यावर एका विद्यार्थ्याच्या घरी जायचं. दारात क्षणभर डोळे मिटून त्या लेकरासाठी एका वाक्याची प्रार्थना करायची. मग आत जाऊन आईबापांना त्या लेकराबद्दल एक चांगली गोष्ट सांगायची, तक्रार एकही नाही, आणि परत यायचं. माझ्या मते हा फारच सुंदर बेत होता. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मला त्यात सुधारणाही करवेना.

पहिल्या आठवड्यात एक गोष्ट लक्षात आली. मी जिथे जाई तिथे पुरुष नसे. बायका दारात, म्हातारे बाजेवर, पोरं ओट्यावर, आणि घरचा कर्ता गायब. "शेतात गेलेत," असं उत्तर यायचं. काय कष्टाळू गाव आहे, असं मी मनात म्हणे. मी विचारी, "तुम्हाला एकूण लेकरं किती?" कारण शाळेत न येणारी भावंडं असतील तर त्यांनाही आणावं असा विचार. त्यावर बाई खरी चार असली तर दोन सांगायची. मग चहा यायचा. मी नको म्हणायचो. चहाचा कप बाईच्या हातात तसाच राहायचा आणि ती माझ्याकडे अशी पाहायची की जणू मी तिच्या घराची वीट न् वीट मोजायला आलोय.

या सगळ्यात एक दिलासा होता. मी गल्लीत वळलो की कुठून तरी मुलीचा खणखणीत आवाज यायचा: एकोणीस एके एकोणीस, एकोणीस दुणे अडतीस, एकोणीस त्रिक सत्तावन्न. मग दुसऱ्या गल्लीतून कुणी तरी तोच पाढा उचलायचं. दिवेलागणीला गाव पाढे म्हणतंय. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. ही माझी हाक, असं मला वाटायचं, आणि पुढच्या दारात मी आणखी थोडा वेळ डोळे मिटून उभा राहायचो.

एके दिवशी हेडमास्तरांनी मला खोलीत बोलावलं. रांजणावर हात ठेवून त्यांनी दार लोटलं. "गुरुजी, किती झाल्या?"

"काय किती?"

"आता माझ्यापासून काय लपवता. केसेस."

हेडमास्तर सज्जन गृहस्थ, पण त्या दिवसांत सज्जनही दार लोटून बोलत. आणीबाणीचं वर्ष होतं. नसबंदीच्या ऑपरेशनसाठी माणसं उचलून नेणारी जीप गावोगाव फिरे, आणि अशी माणसं आणून द्यायचं काम शिक्षकांवरही आलंय, असं तालुक्याहून सांगितलं गेलं होतं. ते मला अजून कुणी सांगितलं नव्हतं, कारण सगळ्यांना वाटत होतं की मी आधीच कामाला लागलोय.

"तुम्ही आम्हाला मागं टाकून निघाले," हेडमास्तर म्हणाले. त्यांच्या आवाजात चक्क असूया होती. "काय पद्धत काढली. दारात उभं राहायचं, डोळे मिटायचे, घरातली माणसं मोजायची. पोराची तारीफ करून बापाला वितळवायचं. लेकरं किती ते विचारायचं. अन् चहा घ्यायचा न्हाई."

"चहाचा काय संबंध?"

"ज्याची मीठ-साखर खाल्ली त्याला धरून कसं नेणार? गाव काय खुळं हाय का? सगळ्यांनी बराबर ओळखलं."

मी म्हणालो, मी प्रार्थना करतो. "मलाही असंच सांगणार का?" ते म्हणाले.

त्याच आठवड्यात पाढा येणारी मुलगी शाळेत यायची थांबली. सातवीत ती सगळ्यांत हुशार होती. आमची शाळा सातवीपर्यंत. सातवीची परीक्षा तालुक्याला, जाफराबादच्या केंद्रावर. ती पास झाली तर तिथल्या शाळेत आठवीला जागा. नाही बसली तर वैशाखात लग्न, हे तिच्या मैत्रिणींनीच मला सांगितलं. परीक्षा तोंडावर आली होती आणि बाकावरची तिची जागा रिकामी. मी निरोप पाठवले. निरोप नेणारी पोरं जायची, आणि परत येऊन खांदे उडवायची.

शेवटी मी संध्याकाळी नेहमीच्या रस्त्यानं न जाता शाळेच्या मागून वेशीकडे गेलो. वेशीजवळच्या लिंबाच्या पारावर ती उभी होती. मी येतो तो रस्ता तिनं डोळ्यांवर हात धरून न्याहाळला. मी भलत्याच बाजूनं येतोय हे दिसताच दचकली, आणि हात मागे बांधून, मान वर करून, वर्गात उभी राहते तशी सुरू झाली, "एकोणीस एके एकोणीस..."

बौद्धवाड्यातून एक दार वाजलं. कुणी तरी पळालं. वरच्या गल्लीतही पाढा पोचला आणि तिकडे दोन माणसं धोतर सावरत गावाबाहेर निघाली. मी पारापाशी गेलो तेव्हा ती पाचापर्यंत आली होती.

"एकोणीस साते?" मी विचारलं.

"एकशे तेहेतीस."

"बरोबर. शाळेत का येत नाहीस?"

"ड्यूटी हाय."

"कसली ड्यूटी?"

"दिवसा जीपची. संध्याकाळी तुमची."

तिचं तोंड गंभीर होतं. गावाच्या संरक्षणाची जबाबदारी तिच्यावर होती, कारण तिचा आवाज सगळ्यांत लांब जायचा, आणि पाढा म्हणणाऱ्या पोरीला कुणी काही म्हणू शकत नाही. मी शिकवलेल्या गणिताचा इतका काटेकोर उपयोग मी पुढे कधी पाहिला नाही. देवाचे आभार मानत मी आठवड्यामागून आठवडे ज्या आवाजानं डोळे पुसत होतो, तो माझ्याच विरोधातला भोंगा होता.

"आणि परीक्षा?"

ती खाली बघायला लागली. "बाबा म्हणले, तिथं पोरीला बसवून घेतात, अन् बापाचं आप्रेशन झाल्याचा कागद आणल्याबिगर सोडत न्हाईत."

"असं काही नाही."

"तुम्ही असंच म्हणणार," ती म्हणाली. तिचंही चूक नव्हतं.

मी तसाच बौद्धवाड्यातल्या तिच्या घराकडे निघालो. मागे तिनं पाढा पुन्हा उचलला. तिचा बाप मजूर माणूस, चार मुलींनंतर एक मुलगा, म्हणजे त्या वर्षी गावात सगळ्यांत घाबरलेला. आतापर्यंत तो उभ्या ज्वारीत पळायचा. पण ज्वारी काढून झाली होती, शिवार उघडं पडलं होतं, आणि पळायला फार थोड्या जागा उरल्या होत्या.

दारात मी सवयीनं डोळे मिटले. उघडले तेव्हा तिची आई समोर, कमरेवर हात ठेवून.

"मोजून झालं का?"

"ताई, मी मोजत नाही. मी प्रार्थना करतो. तुमच्या मुलीनं पुढं शिकावं म्हणून."

"आम्ही देव सोडून दिले, गुरुजी. इस वर्षं झाली."

"मी माझ्याच देवाला सांगतो. तुमच्यावर त्याचा भार नाही."

तिनं विचार केला. "त्याला आम्ही माहीत हाओत का?"

"रोज ओळख करून देतोय."

"मंग त्याला म्हणा, गणित राहू दे. इंग्रजीचं बघ. तिचं इंग्रजी बिलकुल कच्चं हाय."

ती हसली नाही, पण दारातून बाजूला झाली. मी आत जाऊन बसलो. एकच खोली, शेणानं सारवलेली. कोपऱ्यात धान्याची कणगी, पुरुषभर नाही पण छातीइतकी उंच, तोंडावर सूप पालथं घातलेलं. वर्षाची ज्वारी अजून खळ्यावरून घरी यायची होती, म्हणजे कणगी रिकामी असायला हवी. पण सूप हलकेच वर जात होतं आणि खाली येत होतं. वर, खाली. मी ते बघत बसलो. बाईनं मला ते बघताना बघितलं.

"हिचे बाबा?" मी विचारलं.

"गावाला गेल्ते सकाळी. अजून आले न्हाईत."

"कुठल्या गावाला?"

"कुंभार पिंपळगावला. बाजाराला."

आता कुंभार पिंपळगाव म्हणजे त्या काळी इथून निघालेला माणूस नेमका कधी पोचेल हे एस.टी.चं खातंही सांगू शकत नसे. "इतक्या लांब?"

"तिकडं मिरच्या स्वस्त असतात."

कणगीतून एक दाबलेली शिंक आली. बाईनं हात मागे नेऊन कणगीवर थाड्कन थाप मारली. "घूस शिरलीय," ती म्हणाली. "खाऊन माजली लई."

मग तिनं चुलीवर पातेली ठेवली. गुळाचा काळा चहा झाला. बशीतला कप तिनं माझ्यासमोर जमिनीवर ठेवला आणि उकिडवी बसून माझ्याकडे बघायला लागली. माझ्या तोंडावर आलं होतं, नको ताई, मी सोडलाय. तिनं ते माझ्या तोंडावरच वाचलं.

"वरच्या गल्लीत तुम्ही चहा घेत न्हाई," ती हळू बोलली, "ते तिकडचे म्हणतात आप्रेशनवाला हाय म्हणून. आमच्या वाड्यात घेत न्हाई, ते काहून, ते आम्हाला कुणी सांगायला नको. आमच्या कपाला कोण तोंड लावतो अन् कोण न्हाई, हे आम्ही लहानपणापासून मोजून राह्यलो."

लोकांचे माझ्यावरचे बाकी सगळे संशय एव्हाना मला ठाऊक झाले होते. हा एक मला सुचलाच नव्हता. देवाला मी वचन दिलं होतं, अगदी तारखेनिशी, ईस्टरपर्यंत चहा नाही. आणि आता तो कप माझ्या पायापाशी थंड होत होता. मला असं वाटलं, वचन घेणारा त्या क्षणी दुसरीकडे बघत असावा, किंवा याच कपाकडे बघत असावा. मी कप उचलला. गूळ जास्त होता, चहापत्ती दुसऱ्यांदा उकळलेली. मी बशीत ओतून तो सगळा प्यायलो, फुर्र आवाज करत, वाड्यातल्या कुणालाही ऐकू जाईल असा. लेंतकाळातला उपास माझ्या हातून इतक्या आनंदानं त्याआधी मोडला नव्हता, पुढेही नाही.

बाई तशीच बसली होती. पण तिचे खांदे जरा उतरले. "अजून घ्या थोडा," ती म्हणाली. मी घेतला.

"एक विचारू, गुरुजी? तुमचं झालं का? आप्रेशन?"

"माझं लग्नच झालेलं नाही, ताई."

कणगीतून आवाज आला, कुणी तरी हसू गिळल्यासारखा. बाईनं पुन्हा थाप मारली, या वेळी हलकी.

मी कप खाली ठेवला आणि परीक्षेचं बोललो. बाईशी बोलत होतो, पण तोंड कणगीकडे ठेवलं. कागद कसलाच लागत नाही. वर्गातली सगळीच मुलं चाललीत, मी सोबत असणार, सकाळच्या एस.टी.नं जायचं आणि संध्याकाळच्या एस.टी.नं परत. जीपचं नावही काढायचं नाही. मुलगी पास होणार, माझी खात्री आहे. बाप म्हणून तुम्ही तिला इतकं शिकू दिलंत, आता शेवटच्या पायरीवर ओढू नका. हे शेवटचं वाक्य बाईला लागू पडत नव्हतं, पण ती ऐकून घेत होती.

सूप हलायचं थांबलं होतं. आत कुणी तरी श्वास धरून ऐकत होतं.

"माझ्या हातात काय हाय," बाई म्हणाली. "मालकाला विचारावं लागंल."

"विचारायलाच हवं," मी म्हणालो. "पण ते पिंपळगावला आहेत."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग कणगीकडे पाहिलं. मग तिच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी आजही कुणाला नक्कल करून दाखवतो आणि मला ते जमत नाही. ओठ मिटलेले, डोळे बारीक, आणि सगळं घर अचानक तिच्या मालकीचं.

"बराबर हाय," ती मोठ्यानं म्हणाली. "मालक घरी न्हाईत. मालक घरी असते तर मी कशाला बोलले असते? पण आता घरात दुसरं मोठं माणूस कोण? मीच. अन् परीक्षा तर जल्दीच हाय. पिंपळगावहून माणूस कवा यायचा, याचा भरवसा न्हाई." ती उठली, पदर खोचला आणि कणगीला सांगितल्यासारखं सांगितलं, "पोरगी परीक्षेला जाईल. मालक आले म्हंजे मी सांगते त्यांना. कुणाची काई हरकत हाय का घरात?"

कणगी गप्प. हरकत आहे म्हणावं, तर माणूस पिंपळगावला नाही हे उघड होतं. गप्प राहावं, तर पोरगी गेली जाफराबादला. मी आणि ती बाई, दोघं त्या बांबूच्या टोपलीकडे बघत उभे होतो. मी प्रार्थना करत होतो, आणि या वेळी डोळे सताड उघडे होते, कारण मिटायची हिंमत नव्हती. बाहेर त्या पोरीचा पाढा थांबला होता. तिलाही वाटलं असेल, आत इतका वेळ काय चाललंय.

सूप जरा उचललं गेलं, आणि खालून आवाज आला: "पण त्या मास्तरला म्हणावं, जाफराबादेत गाड्या लई असतात, रस्ता वलांडताना तिचा हात सोडू नको."